गावोगावचे गणक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका प्रकल्पासाठी पावसाच्या जुन्या नोंदवह्यांतले आकडे संगणकात भरून हवे होते. वह्या हाताने लिहिलेल्या, काही ठिकाणी शाई पसरलेली, काही ठिकाणी पान वाळवीने खाल्लेलं. तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या केंद्राला आम्ही हे काम दिलं. पद्धत ठरलेली होती. प्रत्येक पान दोघींनी स्वतंत्रपणे भरायचं आणि मग दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. जिथे फरक दिसेल तिथे मूळ वही उघडायची.

पहिल्या महिन्यात फरक इतके थोडे निघाले, की आम्ही खूश झालो. मग एका सहकारी बाईंनी यादी सहज चाळली आणि त्या थबकल्या. एका कोरड्या गावात मे महिन्यातल्या एका दिवशी ४१२ मिलिमीटर पाऊस! वही काढून पाहिली, तर आकडा ४१.२ होता, दशांशचिन्ह पुसट झालेलं. चूक समजण्यासारखी होती. पण दोन्ही याद्यांत अगदी तीच चूक कशी? शोधू लागलो तेव्हा अशी आणखी ठिकाणं सापडली. चौकशीत कळलं, की दोघी मुली शेजारीशेजारी बसत आणि न लागणारा आकडा एकमेकींना विचारत.

यात लबाडी काहीच नव्हती. शेजारणीला विचारू नका, असं आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. एकच पान दोघींना का देतो, हेही सांगितलं नव्हतं. शिवाय पैसे पानामागे ठरलेले, त्यामुळे एकेका आकड्यावर अडून बसणं त्यांना परवडणारंही नव्हतं. चूक कामाची मांडणी करणाऱ्यांची, म्हणजे आमची होती.

पुढे विज्ञानाच्या इतिहासात काही वेगळंच शोधत असताना लक्षात आलं, की हाच प्रकार अडीचशे वर्षांपूर्वी घडून गेला होता. तेव्हा ना संगणक होता ना तारायंत्र. पण शहरातल्या कचेरीने आपली आकडेमोड खेड्यापाड्यांत पाठवायची आणि ती घरी बसून करणाऱ्यांना कामाप्रमाणे मोबदला द्यायचा, ही व्यवस्था मात्र होती. ती पाऊण शतकाच्या आसपास टिकली, आणि तिच्या भरवशावर जहाजं महासागर ओलांडत होती.

चंद्र नावाचं घड्याळ

जहाज उत्तर-दक्षिण कुठे आहे, म्हणजे त्याचा अक्षांश किती, हे माध्यान्हीच्या सूर्याच्या उंचीवरून किंवा ध्रुवताऱ्यावरून बऱ्यापैकी कळतं. रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश आणि ४ मिनिटांना १ अंश. तेव्हा जहाजावर दुपारचे बारा वाजले असताना ग्रिनिचला किती वाजले आहेत हे समजलं, की रेखांश मिळाला. अडचण एवढीच, की जहाजाच्या हेलकाव्यांत, थंडीवाऱ्यात महिनोन्‌महिने अचूक चालणारं घड्याळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाकडेच नव्हतं.

अशा अज्ञानाची किंमत मोठी होती. १७०७ साली कॉर्नवॉलच्या टोकापलीकडे असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर ब्रिटिश आरमाराची चार जहाजं फुटली आणि चौदाशेहून अधिक माणसं बुडाली. आपण नेमके कुठे आहोत याचा त्यांचा अंदाज चुकला होता. १७१४ साली ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या पद्धतीसाठी मोठं बक्षीस जाहीर केलं. अर्ध्या अंशापर्यंत अचूक पद्धतीला २०,००० पौंड! बक्षिसाचं काम पाहायला एक रेखांश मंडळही नेमण्यात आलं.

जॉन हॅरिसन या सुताराने बनवलेल्या सागरी घड्याळाची गोष्ट बऱ्याच शिक्षकांना ठाऊक असते. तिच्याशेजारची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आकाशात एक घड्याळ आधीपासूनच आहे, ते म्हणजे चंद्र. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. तारे म्हणजे तबकडीवरचे आकडे आणि चंद्र म्हणजे काटा. चंद्र आणि एखादा ठरावीक तारा यांच्यामधला कोन जहाजावरून मोजायचा. ग्रिनिचला किती वाजता हे अंतर एवढं असेल, हे आधीच छापून ठेवलेल्या कोष्टकात पाहायचं. ग्रिनिचची वेळ हाती येते.

या काट्याची चाल मात्र फार मंद आहे. तासाला ३० कला, म्हणजे एका कलेला २ मिनिटं. कोष्टकात चंद्राची जागा एका कलेने चुकली, तर वेळ २ मिनिटांनी चुकते आणि रेखांश अर्ध्या अंशाने. विषुववृत्तावर अर्धा अंश म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. अंधाऱ्या रात्री खडकाळ किनाऱ्याजवळ एवढी चूक पुरेशी होते. एक कला म्हणजे किती? वर्गात दाखवायचं असेल, तर सुमारे साडेतीन मीटरवरून एक मिलिमीटर जाडीची पेन्सिलरेघ पाहा. तिची जाडी डोळ्याशी साधारण एक कलेचा कोन करते.

वर्षाला ७३० चंद्र

चंद्राची जागा आधी सांगणं सोपं नाही. पृथ्वी त्याला ओढते, सूर्यही ओढतो, आणि त्याची चाल सतत कमीजास्त होत राहते. गॉटिंगेनच्या टोबियास मायर यांनी १७५०च्या दशकात या चालीची उत्तम कोष्टकं तयार केली. ती इतकी उपयोगी ठरली, की मायर यांच्या मृत्यूनंतर १७६५ साली त्यांच्या पत्नीला ३,००० पौंड देण्यात आले.

पण मायर यांची कोष्टकं म्हणजे पिठाचा डबा होता, भाकरी नव्हे. चंद्राची एक जागा काढायची, तर अनेक कोष्टकांतून दुरुस्त्या शोधायच्या, त्या अंश-कला-विकलांत मिळवायच्या किंवा वजा करायच्या आणि मग लॉगॅरिथमचे तक्ते घेऊन बसायचं. नाविकाने हे सगळं डोलत्या जहाजावर करायचं म्हटलं, तर एका रेखांशाला चार-चार तास लागत. १७६१ साली शुक्राचं अधिक्रमण पाहण्यासाठी सेंट हेलिनाला गेलेल्या नेव्हिल मॅस्कलिन यांनी ही पद्धत प्रवासात स्वतः वापरून पाहिली होती. १७६५ साली ते ब्रिटनचे राजज्योतिर्विद झाले आणि त्यांनी एक साधी, पण दूरवर परिणाम करणारी सूचना केली. अवघड आकडेमोड जमिनीवर, आधीच करून ठेवू आणि छापू. मग नाविकाला अर्ध्या तासाचंच काम उरेल.

त्यातून १७६७ या वर्षाचं पहिलं ‘नॉटिकल अल्मनॅक’, म्हणजे नाविक पंचांग, निघालं. त्यात रोज माध्यान्ह आणि मध्यरात्र अशा दोन वेळांची चंद्राची जागा दिलेली असे. वर्षाचे झाले ७३० चंद्र. शिवाय दर तीन तासांनी चंद्राचं सूर्यापासूनचं आणि निवडक ताऱ्यांपासूनचं अंतर. सूर्य, ग्रह, गुरूच्या उपग्रहांची ग्रहणं हे वेगळंच. आणि ही कोष्टकं वर्ष उजाडण्याच्या बरीच आधी तयार असावी लागत, कारण लांबच्या सफरीवर निघालेलं जहाज दोन-तीन वर्षं परत येत नसे.

एवढं काम करणार कोण? ग्रिनिचच्या वेधशाळेत मॅस्कलिन यांच्या हाताखाली एकच सहायक होता.

टपालाने चालणारी कचेरी

मॅस्कलिन यांनी गणक नेमले. ‘कॉम्प्युटर’ या इंग्रजी शब्दाचा त्या काळचा अर्थ यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा माणूस. (आपल्याकडेही राधानाथ सिकदार १८३१ साली भारतीय सर्वेक्षणात रुजू झाले ते याच पदावर.) हे गणक ग्रिनिचला येऊन बसत नसत. ते आपापल्या गावी, आपापल्या घरी काम करत. मॅस्कलिन त्यांना कोष्टकांची पुस्तकं आणि कृतीची पायरीपायरीने लिहिलेली सूचनावली पाठवत. या कोष्टकातून अमुक आकडा घ्या, त्यात तमुक मिळवा, बेरीज या रकान्यात लिहा. आज आपण ज्याला आज्ञावली म्हणतो तीच ही, फक्त ती वाचणारं यंत्र नव्हतं, माणूस होता. पूर्ण झालेले कागद टपालाने परत येत. मोबदला महिन्याच्या पगाराने नव्हे, तर किती महिन्यांची कोष्टकं केली यावर. सुरुवातीला पूर्ण वर्षाच्या कोष्टकांमागे सुमारे ७० पौंड मिळत.

ही माणसं कोण होती, हे पाहण्यासारखं आहे. शाळामास्तर, भूमापक, खेड्यातले धर्मोपदेशक. विल्यम वेल्स हे पहिल्या गणकांपैकी एक. ते पुढे कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या सफरीवर खगोलनिरीक्षक म्हणून गेले आणि परतल्यावर लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत गणित शिकवू लागले. हेन्री अँड्र्यूज रॉयस्टन या लहान गावात शाळा आणि पुस्तकांचं दुकान चालवत. ते गरीब घरातले, बरंचसं स्वतःच शिकलेले. त्यांनी चाळीसहून अधिक वर्षं नाविक पंचांगाची आकडेमोड केली. हेच अँड्र्यूज लाखांच्या घरात खप असलेल्या ‘ओल्ड मूर’ या फलज्योतिषाच्या पंचांगाचंही काम करत! एकाच मेजावरून निघालेल्या एका पुस्तकावर जहाजं चालत आणि दुसऱ्यावर लोकांची भाकितं. आकडेमोडीचा पाया तोच. फरक पडतो तो त्यावर काय बांधलं यात, आणि बांधलेलं कुणी तपासून पाहतं का यात.

जवळ राहणारे दोघे

तपासणीची मॅस्कलिन यांची योजना साधी होती. एका महिन्याचं काम दोन गणकांकडे जाई. दोघं स्वतंत्रपणे आकडे काढत आणि दोघांचे कागद तिसऱ्या माणसाकडे जात. त्याचं काम ताळा पाहणं. दोन उत्तरं जुळली तर ठीक, नाही तर चूक शोधायची. दोन माणसं स्वतंत्रपणे तीच चूक, त्याच जागी करतील याची शक्यता फार थोडी, असा त्यामागचा विचार.

या वाक्यातला सगळा भार ‘स्वतंत्रपणे’ या एका शब्दावर आहे. १७७० साली ते उघड झालं. ताळा पाहणारे होते मॅलकी हिचिन्स. जोसेफ कीच आणि रूबेन रॉबिन्स या दोन गणकांचे कागद तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की दोघांची उत्तरं जरा जास्तच जुळताहेत. बरोबर उत्तरं जुळण्यात काही विशेष नाही. चुका जुळू लागल्या, की मात्र काहीतरी गडबड आहे. दोघंही लंडनमध्ये राहत होते आणि एकमेकांचे आकडे उतरवून घेत होते. दोघांना काढून टाकण्यात आलं. हिचिन्स यांचे वाया गेलेले श्रम त्यांनीच भरून द्यावेत, असंही ठरलं.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला हे नवीन नाही. शेजारशेजारच्या दोन मुलांचं उत्तर बरोबर असेल, तर आपण पुढे जातो. दोघांनीही सातवं गणित एकाच विचित्र पद्धतीने चुकवलं असेल, तर पेन थांबतं.

यानंतर मॅस्कलिन एकाच महिन्याचं काम करणारे दोन गणक एकमेकांपासून दूर राहणारे असावेत, याची काळजी घेऊ लागले. काम गावोगाव विखुरलेलं असणं ही इतके दिवस सोय होती. आता ते पद्धतीचाच भाग झालं. एक गणक कॉर्नवॉलमध्ये आणि दुसरा श्रॉपशायरमध्ये असेल, तर उतरवून घेणं सोपं नव्हतं. टपालाला लागणारे दिवसच अचूकतेची राखण करत होते.

हिचिन्स स्वतः मूळचे कॉर्नवॉलचे. १७७५ पासून ते तिथल्या सेंट हिलरी या गावाचे धर्मोपदेशक होते आणि १८०९ साली मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं, नाविक पंचांगाचा ताळा त्यांनी पाहिला. १७०७ साली जिथे जहाजं फुटली त्या सिली बेटांच्या समोरच्याच भूभागावर बसून हा माणूस साऱ्या जगातल्या जहाजांसाठी आकडे तपासत होता.

ताळा कसा पाहत?

दोन उत्तरं जुळली नाहीत, तर बरोबर कोणतं? आणि दोघांनीही चूक केली असेल, तर? यासाठी हिचिन्स यांच्याकडे आणखी एक हत्यार होतं. आठवी-नववीच्या वर्गात ते दहा मिनिटांत दाखवता येतं.

११ ते १९ या संख्यांचे वर्ग फळ्यावर लिहा. पण एका ठिकाणी अंकांची अदलाबदल करा, २५६ ऐवजी २६५:

१२१, १४४, १६९, १९६, २२५, २६५, २८९, ३२४, ३६१

आता लगतच्या संख्यांमधले फरक काढा:

२३, २५, २७, २९, ४०, २४, ३५, ३७

आणि या फरकांचे पुन्हा फरक:

२, २, २, ११, –१६, ११, २

चूक नसती, तर शेवटच्या ओळीत सगळीकडे २ आले असते. आता मात्र तीन ठिकाणी गडबड दिसते. प्रत्येकातून २ वजा करा, उरतात ९, –१८, ९. म्हणजे चूक +९ ची आहे, आणि ती –१८ च्या सरळ वर असलेल्या संख्येत, म्हणजे २६५ मध्ये आहे. १६ चा वर्ग किती हे ठाऊक नसलेल्या मुलालाही आता ती दुरुस्त करता येईल. चूक वरच्या ओळीत लपून बसते, दुसऱ्या फरकांत ओरडून उठते.

चंद्राची चाल वर्गांइतकी सरळ नाही, म्हणून आणखी एक-दोन पायऱ्या फरक काढत जावं लागतं. पण तत्त्व तेच. निसर्ग धक्के देत चालत नाही. आकड्यांच्या रांगेत धक्का दिसला, तर तो बहुधा माणसाचा असतो. पुढे १८२१ साली चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल हे दोन मित्र अशाच दोन गणकांनी केलेली कोष्टकं ताडून पाहत असताना चुकांनी वैतागले, आणि त्यातून बॅबेज यांच्या यंत्राची कल्पना पुढे आली. त्या यंत्राचं नाव ‘डिफरन्स एंजिन’, म्हणजे फरकांचं यंत्र. चुका पकडायला वापरलेली युक्ती त्यांनी उलटी फिरवली. फरक मिळवत गेलं, की संपूर्ण कोष्टक तयार होतं.

आमच्या पावसाच्या यादीला ही युक्ती लागू पडली नसती, हेही सांगायला हवं. पाऊस चंद्रासारखा नेमाने वागत नाही. तिथे दोन माणसांच्या स्वतंत्र नजरेला पर्याय नव्हता, आणि नेमकी तीच आम्ही राखली नव्हती.

लडलोची मेरी एडवर्ड्स

मॅस्कलिन यांच्या काळात तीसहून अधिक माणसांनी ताळ्याचं किंवा आकडेमोडीचं काम केलं. त्यात एक स्त्री होती.

श्रॉपशायर परगण्यातल्या लडलो गावी जॉन एडवर्ड्स नावाचे धर्मोपदेशक राहत. त्यांना दुर्बिणींचे धातूचे आरसे ओतण्याचा नाद होता आणि त्यात त्यांनी चांगलं नाव मिळवलं होतं. पंचांगाची आकडेमोडही त्यांच्याकडे होती. कागदोपत्री नाव जॉन यांचं, पैसेही त्यांच्याच नावावर जमा होत. १७८४ साली जॉन वारले. आरशाच्या मिश्रधातूत आर्सेनिक असे, त्याची वाफ छातीत गेल्याने हा मृत्यू झाला असं सांगतात. घरात पत्नी मेरी, मुली आणि कर्ज. तेव्हा पुढे आलं, की घरी येणारी बरीचशी आकडेमोड आधीपासून मेरीच करत होत्या.

मॅस्कलिन यांनी काम त्यांच्या नावाने चालू ठेवलं. त्यानंतर तीस वर्षं मेरी एडवर्ड्स यांचा संसार चंद्राच्या आकड्यांवर चालला. त्या सर्वांत जास्त काम करणाऱ्या गणकांपैकी एक ठरल्या. एक मुलगी, एलायझा, त्यांच्या हाताखाली तयार झाली. दूरवरून येणाऱ्या आणि टपालाने परत जाणाऱ्या कागदावर लिहिणाऱ्याचा हात स्त्रीचा की पुरुषाचा, हे दिसत नाही. दिसतो तो आकडा, आणि तो बरोबर तरी असतो किंवा चूक तरी. ज्या काळात स्त्रियांना विद्यापीठाचं दार बंद होतं, त्या काळात एका खेडेवजा गावातल्या स्त्रीला खगोलशास्त्राचं मोबदल्याचं काम मिळालं ते या व्यवस्थेमुळे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मेरी यांनी पाहिली. त्यांच्याकडे नेमणुकीचा कागद नव्हता, पुढच्या वर्षी काम मिळेलच याची हमी नव्हती. सगळं मॅस्कलिन यांच्या शब्दावर चाललेलं. १८११ साली मॅस्कलिन वारले, जॉन पाँड राजज्योतिर्विद झाले, आणि मेरी यांना आपलं काम टिकवण्यासाठी रेखांश मंडळाकडे दाद मागावी लागली. मंडळाने त्यांची बाजू घेतली. १८१५ साली मेरी वारल्या आणि काम एलायझा यांनी पुढे चालवलं.

१८४९ साली अमेरिकेने स्वतःचं नाविक पंचांग सुरू केलं, तेव्हा तिथेही हीच रीत आली. नँटकेट बेटावर राहणाऱ्या मारिया मिचेल यांच्याकडे शुक्राचं गणित होतं. वर्षाला ३०० डॉलर मिळत. हे काम त्यांनी जवळजवळ वीस वर्षं केलं.

सगळे लंडनला

मॅस्कलिन आणि हिचिन्स गेल्यानंतर ब्रिटिश पंचांगाचा दर्जा घसरल्याच्या तक्रारी वाढल्या. कष्टाचं काम करणारे गणक तेच होते, पण सूचना लिहिणारा आणि ताळा पाहणारा हे दोन कणे गेले होते. १८१८ साली थॉमस यंग (प्रकाशाच्या व्यतिकरणाचे प्रयोग करणारे तेच यंग) यांच्याकडे पंचांगाची जबाबदारी आली. १८२८ साली रेखांश मंडळ बरखास्त झालं. खगोलशास्त्रज्ञांनी पंचांगात भरपूर सुधारणा सुचवल्या. १८३१ साली विल्यम स्ट्रॅटफर्ड अधीक्षक झाले आणि लवकरच गणकांचं काम गावोगाव न पाठवता लंडनमधल्या एका कचेरीत, ठरावीक वेळेत, देखरेखीखाली करायचं ठरलं. पंचांगाचा आकार आणि त्यातली गुंतागुंत वाढली होती, त्यामुळे या निर्णयाला कारणं होती. पंचांग सुधारलंही.

पण गावोगावच्या गणकांचं काय झालं? दोन घरांची हकीकत पाहा.

कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावी विल्यम डंकिन हे गणक होते. १८३२ साली ते बायकामुलांसह लंडनला आले. घरच्या मेजावर, आपल्या वेळेने काम करायची सवय असलेल्या माणसाला कचेरीतले तास जड गेले. ते १८३८ साली वारले. त्याच वर्षी त्यांच्या दोन मुलांना ग्रिनिचच्या वेधशाळेत गणक म्हणून घेण्यात आलं. त्यांतला एडविन पुढे मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला आणि १८८४ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचा अध्यक्ष.

लडलोच्या एलायझा एडवर्ड्स यांना हा रस्ताच नव्हता. काम आता सरकारी कचेरीतलं झालं होतं आणि सरकारी नोकरीच्या नियमांत स्त्रीला जागा नव्हती. १८३२ साली त्यांचं काम बंद झालं. आई आणि मुलगी मिळून जवळजवळ अर्धशतक चंद्र मोजला गेला आणि एका फेरबदलाने तो त्या घरातून गेला. एलायझा १८४६ साली वारल्या. त्यांचं गणित चुकलं, अशी तक्रार नव्हती.

आपल्या जवळचं

नाविक पंचांगाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. १८६५ पासून निघू लागलेलं पटवर्धनी पंचांग इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे केलं जाई. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी तर आपली स्वतंत्र कोष्टकं बांधली, आणि तेही शाळेत शिकवणारे. रॉयस्टनच्या अँड्र्यूज यांची आणि त्यांची गाठ कधी पडणं शक्य नव्हतं, पण दोघांचं मेज सारखंच असणार. एका बाजूला तपासायच्या वह्या, दुसऱ्या बाजूला ग्रहांचे आकडे.

दुसरा धागा आजचा. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या देशात शहरातल्या कंपन्यांचं कागदी काम खेड्यांत नेण्याचे प्रयत्न सुरू झाले. तमिळनाडूत २००७ साली देसीक्रू, कर्नाटकातल्या बागेपल्लीत २००८ साली रूरलशोअर्स. अर्ज संगणकात भरणं, विम्याचे कागद तपासणं, अशी ही कामं. पुढे चित्रांतल्या वस्तू ओळखून त्यांना नावं देणं, आवाजाच्या ध्वनिफिती लिहून काढणं, हेही आलं. संगणकाला शिकवण्यासाठी लागणारं हे साहित्य माणसंच तयार करतात, आणि तेच चित्र दोघा-तिघांना स्वतंत्रपणे देऊन उत्तरं ताडून पाहण्याची रीतही तीच आहे. फक्त टपालाच्या जागी तार आली, आणि ताळा बहुधा यंत्र पाहतं.

गावातल्या मुलीला गाव न सोडता काम मिळणं ही मोलाची गोष्ट आहे. मेरी एडवर्ड्स यांना ते तसंच मिळालं होतं. पण त्यांच्या कथेत आणखी तीन गोष्टी आहेत. आपलं काम कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होतं. चूक झाली तर ती कळवणारा, त्या विषयातला जाणकार माणूस दुसऱ्या टोकाला होता. आणि काम कुणाच्या तरी शब्दावर टिकून होतं, हक्कावर नव्हे. पहिल्या दोन गोष्टींमुळे पंचांग अचूक राहिलं. तिसरीमुळे एलायझा यांच्या हाती शेवटी काही राहिलं नाही.

आमच्या प्रकल्पात आम्ही नंतर तीन बदल केले. एकाच पानाच्या दोन प्रती वेगवेगळ्या गावांत पाठवल्या. न लागणाऱ्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं तरी पानाचे पैसे पूर्ण मिळतील, असं ठरवलं. आणि एक दिवस केंद्रावर जाऊन, पर्जन्यमापक म्हणजे काय, या आकड्यांचं पुढे काय होतं आणि एकच पान दोघींना का देतो, हे सांगून आलो. पुढच्या महिन्यात याद्यांमधले फरक वाढले. आम्हाला बरं वाटलं. त्यानंतर काही दिवसांनी त्या दोघींपैकी एकीचा फोन आला: “सर, अमुक वहीत जून महिन्यात सलग सहा दिवस तोच आकडा आहे. पाऊस असा पडत नाही. लिहिणाऱ्याने अंदाजाने भरलंय का, बघा.”

आम्ही बघितलं. तिचं म्हणणं बरोबर होतं.

वर्गात करून पाहा: वर्गाचे दोन गट करा आणि त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवा. दोघांनाही २१ ते ४० या संख्यांचे घन हाताने काढायला सांगा. तिसऱ्या छोट्या गटाने दोन्ही कागद ताडून पाहायचे आणि मग तिसऱ्या पायरीपर्यंत फरक काढायचे (घनांचे तिसरे फरक नेहमी ६ येतात). दोन्ही कागद जुळूनही फरकांत एखादी चूक सापडते का, ते पाहा. सापडली, तर दोन्ही गटांना ती कशी झाली असेल, हे मुलांनाच शोधू द्या. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग दोन्ही गटांना एकाच खोलीत बसवून करा आणि दोन दिवसांचे निकाल शेजारीशेजारी फळ्यावर लिहा.